वर चढणारा कातळ

कसाऱ्याजवळच्या विहीगावला अशोका धबधब्यावर पावसाळ्यात गर्दी उसळते. तुम्हीही गेलात तर एक प्रयोग जरूर करा. निसरड्या दगडांपासून लांब, पक्क्या जागी उभे राहा. कोसळत्या पाण्यातली एकच जागा हेरा आणि मिनिटभर नजर तिथून हलू देऊ नका. मग शेजारच्या कातळाकडे बघा. कातळ वर चढू लागतो!

स्कॉटलंडमधल्या फॉयर्स धबधब्यापाशी रॉबर्ट ॲडम्स यांना हेच दिसले आणि १८३४ मध्ये त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या मेंदूतल्या पेशी पाण्याकडे बघून बघून मंदावतात. वर जाणारी हालचाल टिपणाऱ्या पेशी मात्र ताज्याच असतात, त्यामुळे स्थिर कातळ पाहताना त्यांचे पारडे जड होते.

मला खरे नवल वाटते ते पुढेच. कातळ चढत राहतो, पण पोहोचत कुठेच नाही. त्याच्या कपारीतले गवत जिथल्या तिथे असते. गती आणि जागा यांचा हिशेब मेंदू बराचसा वेगवेगळा ठेवतो, म्हणून असे विसंगत दृश्य दिसू शकते.

तरी एका हिशेबाची चूक दुसऱ्यात शिरतेच. रोमी निझावन यांनी १९९४ मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. फिरत्या दांडीचा मधला भाग सतत उजळलेला, टोके मात्र क्षणभरच चमकवलेली. सगळे एका रेषेत असूनही टोके मागे पडलेली दिसली. निझावन यांच्या मते, डोळ्यांकडून येणाऱ्या माहितीला लागणारा उशीर भरून काढायला मेंदू हलत्या वस्तूची पुढची जागा अंदाजाने दाखवतो. या कारणावर वाद आहे, आभासावर नाही.

हलत्या वस्तूंबाबत डोळे असे फसू शकतात, हे कसारा रेल्वेमार्गावर रूळ ओलांडणाऱ्यांना कळायला हवे. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर अंतर कापते. त्यात मोठी वस्तू तेवढ्याच वेगाच्या लहान वस्तूपेक्षा सावकाश भासते. रेल्वे फाटकांवरच्या अपघातांच्या संदर्भात हर्शेल लीबोविट्झ यांनी १९८५ मध्ये हा मुद्दा मांडला होता. समोरून येणारी गाडी आधी बराच वेळ जागच्या जागी किंचित मोठी होताना दिसते आणि जवळ आल्यावर एकदम अंगावर येते. ‘गाडी लांब आहे’ हा डोळ्यांचा निर्वाळा अशा वेळी मानू नका. पुलावरूनच जा.