कोणता विषय घ्यावा?



बारावीचा निकाल लागून पहिला पाऊस पडला कीं माझ्या ओटीवर एक प्रश्न येऊन बसतो. प्रश्न विचारणारीं मुलें दरवर्षीं नवीं असतात, प्रश्न मात्र एकच असतो : "गुरुजी, कॉलेजांत कोणता विषय घेऊं?" पस्तीस वर्षें मीं भिवंडीच्या शाळेंत मुलें शिकविलीं. सेवेंतून निवृत्त होऊनही कांहीं वर्षें लोटलीं. परंतु या प्रश्नानें मला अजून निवृत्ति दिलेली नाहीं. मुलाबरोबर कधीं आई येते, कधीं मामा, कधीं शेजारचे कोणी जाणते गृहस्थ. मुलगा एकटाच आला तर तो बहुधा पायरीवर उभा राहतो आणि बोलण्यापूर्वीं इकडे तिकडे पाहतो. त्या पाहण्याचें कारण मला ठाऊक आहे. त्याच्या मनांत एक उत्तर असतें, घरांत दुसरें असतें आणि गल्लींत तिसरें.

आरंभींच एक गोष्ट सांगून टाकतों. ज्या प्रश्नाविषयीं मी आज बोलणार आहें, तो माझ्या स्वतःच्या आयुष्यांत कधीं आलाच नाहीं. मी मॅट्रिक झालों, अध्यापनाची पदविका घेतली आणि खडू हातीं धरला. कॉलेजची पायरी मी चढलों ती मुलांचे प्रवेश-अर्ज भरून देण्यासाठीं. तेव्हां "हे आम्हांला काय सांगणार?" असें कोणाच्या मनांत आलें तर तें रास्तच आहे. माझें उत्तर इतकेंच, कीं जो स्वतः नदींत उतरला नाहीं, परंतु पस्तीस वर्षें कांठावर बसून कोण कोठें गटांगळ्या खातो हें ज्यानें पाहिलें, त्यालाही उताराविषयीं दोन शब्द सांगतां येतात.

"कोणता विषय घेऊं?" या एका प्रश्नाच्या पोटांत खरें पाहतां तीन प्रश्न असतात. मला काय आवडतें? माझें पोट कशावर भरेल? आणि लोक काय म्हणतील? पहिले दोन प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांचें भांडण झालें तरी तें घरांतल्या घरांत मिटवितां येतें. तिसरा मात्र नेहमीं वेष पालटून येतो. "एवढे गुण पडले आणि कला शाखा?" असें कोणी म्हणालें कीं त्यांत काळजी किती आणि लौकिकाची भीति किती, हें बोलणाऱ्यालाही सांगतां येत नाहीं.

हें मी दुसऱ्याला नांवें ठेवण्यासाठीं बोलत नाहीं. माझ्याच हातून झालेली एक चूक मला आज सांगावयाची आहे. कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. माझा एक विद्यार्थी, यंत्रमागावर काम करणाऱ्या एका कामगाराचा मुलगा, दहावीला गणितांत व शास्त्रांत उत्तम गुण मिळवून पेढे घेऊन आला. त्यानें नेहमींचा प्रश्न विचारला आणि मीं क्षणाचाही विचार न करतां उत्तर दिलें : "अरे, एवढे गुण पडले आहेत! शास्त्र सोडून दुसरें कांहीं घेऊं नकोस." तो नमस्कार करून गेला. त्याच्या वडिलांनीं शिकवणीची फी भरण्यासाठीं दिवसपाळीच्या जोडीला रात्रपाळी धरली. दोन वर्षांनीं मुलगा बारावीला रसायनांत नापास झाला. पुन्हां बसला, पुन्हां नापास झाला. त्या काळांत तो रोज सकाळीं पुस्तकें घेऊन घराबाहेर पडे, आणि महामार्गालगतच्या एका गोदामांत आल्यागेल्या मालाची नोंद ठेवण्याच्या कामावर जाई. घरीं मात्र शिकवणीला जातों असें सांगे. अखेर एके संध्याकाळीं तो माझ्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, येथें बसतों तेवढाच वेळ मला खोटें बोलावें लागत नाहीं."

तें वाक्य मी अजून विसरलों नाहीं. चूक त्याची नव्हती. मीं त्याचे गुण पाहिले होते, त्याला पाहिलें नव्हतें. मग मीं उशिरानें का होईना, पण विचारलें, "गोदामांत काय करतोस?" आणि त्याचा चेहरा उजळला. वहींतला आंकडा व प्रत्यक्ष माल यांत दोन गांठींचा जरी फरक पडला, तरी तो सांपडेपर्यंत त्याला जेवण गोड लागत नसे. शाळेंतही उदाहरण सोडविल्यावर ताळा करून पाहण्याचा त्याला नाद होता. त्या नादाला मी शास्त्राची आवड समजलों! पुढें तो वाणिज्य शाखेंतून बारावी झाला, नोकरी सांभाळून बी. कॉम. झाला, आणि आज हिशेबाच्याच कामांत सुखानें आहे. त्याचें बरें झालें. परंतु तीं वर्षें आणि त्याच्या वडिलांच्या त्या रात्रपाळ्या मला कधींही परत देतां येणार नाहींत.

या प्रसंगानें मला जें शिकविलें तेंच आजच्या भाषणाचें सार आहे. विषयाचें नांव निवडूं नये. त्या विषयाचें रोजचें काम निवडावें.

नांव दर्शनी असतें, काम त्याच्या मागें दडलेलें असतें. मानसशास्त्र म्हणजे दुसऱ्याच्या मनांतलें ओळखण्याची विद्या, अशा समजुतीनें मुलें तिकडे जातात. तेथें त्यांना प्रयोग, प्रश्नावल्या आणि संख्याशास्त्राचीं कोष्टकें भेटतात. अर्थशास्त्र ही श्रीमंत होण्याची युक्ति नव्हे. साधनें थोडीं आणि गरजा पुष्कळ असतां काय घ्यावें व काय सोडावें याचा तो आलेख मांडून केलेला चिवट विचार आहे. संगणकशास्त्रांत यंत्राशीं खेळणें थोडें, आणि आपल्याच लिखाणांतील एक चुकलेलें चिन्ह शोधीत तास घालविणें फार. सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे निर्जंतुक केलेल्या कांचेच्या बश्या आणि त्यांत वाढ दिसेपर्यंत केलेली प्रतीक्षा. इतिहास म्हणजे लढायांच्या गोष्टी नव्हेत. एकाच घटनेविषयींचे दोन परस्परविरोधी कागद समोर ठेवून कोणता कितपत खरा मानावा याचा तो निवाडा आहे. हीं कामें नीरस आहेत असें मला सुचवावयाचें नाहीं. प्रत्येक विषयाला त्याचा स्वतःचा असा कंटाळा असतो, आणि ज्या विषयाचा कंटाळा आपल्याला सोसतो तोच आपला विषय, एवढेंच माझें म्हणणें आहे.

कित्येकदां तर विषयाचें नांवही मुलांच्या कानांवर आलेलें नसतें. आमच्या भिवंडींत मागांचा खटखटाट ऐकत मुलें लहानाचीं मोठीं होतात. पण कापड हा उच्च शिक्षणाचाही विषय आहे हें त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असतें. मुंबईंत १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली या नांवानें जी तांत्रिक संस्था निघाली, आणि जिला आज वीरमाता जिजाबाईंचें नांव आहे, तेथें वस्त्रतंत्र शिकवितात. मुंबई विद्यापीठानें १९३३ सालीं रसायनतंत्राचा विभाग काढला, तेव्हां कापडाचें रसायन हा त्याच्या आरंभींच्या विषयांपैकीं एक होता. ज्या रंगाचें पाणी आपण गटारांतून वाहतांना रोज पाहतों, त्या रंगामागेंही एक शास्त्र उभें आहे!

महाराष्ट्रांत २०१६ सालीं दहावीच्या विद्यार्थ्यांची कल-चाचणी सरकारी रीत्या सुरू झाली व ती कांहीं वर्षें चालली. हेतु चांगला होता. परंतु जें काम मुलानें कधीं पाहिलेंच नाहीं, तें आवडतें कीं नाहीं, हें त्यानें कागदावर खूण करून कसें सांगावें? चव घेतल्याशिवाय आवड कळत नाहीं. म्हणून चव घेण्याच्या तीन साध्या रीति मी मुलांना सांगत असतों. पहिली : ज्या विषयाचा विचार चालला आहे, त्याचें पदवीच्या पहिल्या वर्षाचें पुस्तक मिळवावें, आणि त्यांतलें पहिलें प्रकरण सोडून मधलें एखादें रुक्ष दिसणारें प्रकरण वाचावें. दुसरी : त्या विषयाच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गांठावें, आणि "विषय कसा आहे?" असें न विचारतां "काल दिवसभर तूं काय केलेंस?" असें विचारावें. तिसरी : परीक्षा संपल्यावर, कोणीही सांगत नसतां, आपण कोणतें पुस्तक पुन्हां उघडतों हें स्वतःशींच प्रामाणिकपणें पाहावें.

आतां पोटाचा प्रश्न. तो क्षुद्र नाहीं. ज्याच्या घरीं मिळवतें माणूस एकच आहे त्याला तो क्षुद्र मानण्याची चैन परवडत नाहीं. परंतु पदवीचा विषय आणि आयुष्याचा व्यवसाय यांची गांठ आपण समजतों तितकी पक्की नसते. लोकमान्य टिळकांनीं १८७७ सालीं पदवी घेतली ती गणितांत आणि १८७९ सालीं घेतली ती कायद्यांत. त्यांचें आयुष्य गेलें वृत्तपत्रांत व राजकारणांत. तरीही १८९३ सालीं वेदकालाविषयींचा 'ओरायन' हा ग्रंथ लिहितांना तें गणित त्यांच्या उपयोगी पडलेंच. इरावती कर्वे यांनीं फर्ग्युसन कॉलेजांतून १९२६ सालीं पदवी घेतली तत्त्वज्ञानाची, मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं १९२८ सालीं एम्. ए. केलें समाजशास्त्रांत, आणि जर्मनींत डॉक्टरेट मिळविली ती मानवशास्त्रांत. यांना कोणी भरकटलेलीं माणसें म्हणत नाहीं.

कांहीं दारें मात्र ठराविक वेळीं बंद होतात, तीं आधीं माहीत असावीं. वैद्यकाकडे जावयाचें तर बारावीला पदार्थविज्ञान व रसायन यांबरोबर जीवशास्त्र हवें. अभियांत्रिकीला सामान्यतः गणित हवें. उलट वकिलीसाठीं कोणत्याही शाखेची बारावी होऊन पांच वर्षांचा, किंवा कोणतीही पदवी घेऊन तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसूं शकतो. ज्याला यंत्र खोलून पाहिल्याशिवाय चैन पडत नाहीं, त्यानें दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेतली, तर पुढें अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळण्याची सोय आहे. "शास्त्र घे, म्हणजे सगळीं दारें उघडीं राहतात," असें आम्ही वडीलधारे म्हणतों तें यामुळें अर्धेंच खरें ठरतें. दार उघडें राहतें. परंतु त्या दारापर्यंत दोन वर्षें चालत जावें लागतें, आणि चालणारे पाय आपले नसतात.

इतकें करूनही निवड चुकली तर? आमच्या गांवांतलीच उपमा देतों. मागावर ताणा एकदां भरला कीं भरला. बाणा मात्र विणतां विणतां बदलतां येतो. मुख्य विषय हा ताणा; जोडीचा विषय, भाषा, अवांतर वाचन, हातचें एखादें कसब, हा सारा बाणा. पुष्कळदां ताणा तोच ठेवून नुसत्या बाण्यानें कापडाचें रूप पालटतें. ताणाही बदलतां येत नाहीं असें नाहीं. परंतु त्यासाठीं माग थांबवावा लागतो आणि असंख्य धागे एकेक करून पुन्हां जोडावे लागतात. चूक जितकी लवकर कबूल करावी, तितकें कापड कमी फुकट जातें. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें हें काम थोडें सुलभ करूं पाहिलें आहे. मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेंतील गौण विषय घेतां यावा. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स अशा पायऱ्या असाव्या. आणि मिळविलेले श्रेयांक जमा राहावे, अशी त्याची योजना आहे. परंतु कोणतेंही धोरण मुलाच्या वतीनें "मला हें जमत नाहीं" हें वाक्य घरीं बोलूं शकत नाहीं. तें वाक्य निर्भयपणें बोलतां यावें एवढी जागा घरांतच असावी लागते.

शेवटीं पालकांना एक विनंति. निवड करतां येणें हें केवढें भाग्य आहे, तें ज्यांना ती नाकारली गेली त्यांच्याकडून समजून घ्यावें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना विद्यार्थिदशेंत संस्कृत शिकावयाचें होतें; अस्पृश्य म्हणून तें त्यांना नाकारण्यांत आलें आणि फारसी घ्यावी लागली. पुढें त्यांनीं संस्कृताचा अभ्यास स्वतःच्या हिमतीवर केला. पण ती हिंमत प्रत्येक मुलाकडून मागण्याचा आपल्याला काय अधिकार? आजही कित्येक मुलींचा विषय त्यांच्या बुद्धीवरून ठरत नाहीं. कॉलेज घरापासून किती लांब आहे आणि शेवटची बस किती वाजतां सुटते यावरून ठरतो. खर्चाची व अंतराची अडचण खरी असेल तर ती मुलांना उघडपणें सांगावी. अडचण मुलें समजून घेतात. अडचणीला उपदेशाचा मुलामा दिला म्हणजे मात्र तीं दुखावतात.

यंदाही एक मुलगी आली होती. वनस्पतिशास्त्र घ्यावें कीं अर्थशास्त्र, अशी तिची अडचण होती. या खेपेस मीं उत्तर दिलें नाहीं. ओळखीच्या एका प्राध्यापकांकडून दोन्ही विषयांचीं पहिल्या वर्षाचीं पुस्तकें आणून तिच्या हातीं दिलीं आणि आठ दिवसांनीं यावयास सांगितलें. ती आली. एक पुस्तक जसेंच्या तसें कोरें होतें. दुसऱ्याच्या समासांत बारीक पेन्सिलीनें तिनें आपले प्रश्न लिहून ठेवले होते. मीं दोन्ही पुस्तकें तिच्यासमोर उघडून ठेवलीं. तिनें पाहिलें आणि ती हंसली. मला कांहींच सांगावें लागलें नाहीं.