गिअर आपोआप, तेल मात्र आपण पाहायचे

१९५३ साली अमेरिकेतील फ्लिंट येथे शेव्हरोले कंपनीच्या ३०० ‘कॉर्व्हेट’ क्रीडागाड्या तयार झाल्या. साऱ्यांना एकच गिअरबॉक्स, दोन गतींचा ‘पॉवरग्लाइड’. क्लच दाबायला नको, गिअर आपोआप बदलतो.

अशा जुन्या गाडीचे इंजिन ओरडू लागले आणि वेग मात्र वाढेना, तर पुष्कळजण गिअरबॉक्सच खोलायला निघतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आधी तेल पाहा.

हे तेल म्हणजे नुसते वंगण नव्हे. इंजिनाची शक्ती तेच पुढे नेते. आतल्या क्लचच्या चकत्याही त्याच्याच दाबाने आवळल्या जातात. तेल उणे पडले की पंप हवा ओढतो, दाब पडतो, चकत्या घसरतात. तेल फाजील झाले तर फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो आणि दुखणे पुन्हा तेच. म्हणून न मोजता तेल ओतू नका.

मोजायचे कसे? गाडी सपाट जागी उभी करा, हातब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. तेल गरम झाल्यावर गिअर न्यूट्रलमध्ये आणि इंजिन चालू ठेवूनच मापाची पट्टी काढा. इंजिन बंद असताना वरचे तेल खाली उतरते आणि माप खोटे निघते.

तेल स्वच्छ लाल असेल तर ठीक. उणे असेल तर गळती शोधा. काळे, करपट वासाचे असेल तर चकत्या जळल्या समजा. दुधाळ गुलाबी दिसले तर पाणी शिरले. मग गाडी हलवू नका, कारागिराला बोलवा.