*थंडीत खळ्याचं काँक्रीट: कधी घालायचं, किती थांबायचं?*



भातकापणी उरकली, वालाची पेरणीही झाली. आता बरेच सभासद पक्कं खळं, गोठ्यापुढचा ओटा नाहीतर गोदामापुढची फरसबंदी करायला काढतील. हंगाम बरोबर आहे, पण तारखा चुकल्या की पैसे वाया जातात.

*गेल्या थंडीत काय झालं?*
आपल्या एका सभासदाने दुपारी ४ वाजता खळ्याचं काँक्रीट सुरू केलं. अंधार पडला तरी वरचं पाणी आटेना. गवंड्याने त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून थापी मारली. पुढच्या भाताच्या वेळी पोपडे निघाले, धान्यात कच आली आणि व्यापाऱ्याने भाव पाडला.

*असं का होतं?*
गारव्यात सिमेंट सावकाश धरतं, म्हणून वर आलेलं पाणी जास्त वेळ राहतं. ते पाणी असतानाच घोटलं की वरचा थर कच्चा राहतो. आपल्याकडे रात्री दवही पडतं. निफाडला पारा कधीकधी ५ अंशांखाली जातो, तिथे ताज्या काँक्रीटला थंडीचाच धोका. पनवेलला तेवढी थंडी नाही. पण पहाटे १५ अंशांच्या आसपास पारा आला तरी काम मंदावतं, आणि दिवसा कोरडा वारा ओल ओढून घेतो. म्हणजे दोन्हीकडून सांभाळायचं.

*तारखा उलट्या मोजा*
वालाची झोडणी फेब्रुवारीअखेर ते मार्च. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरतात. म्हणजे काँक्रीट उशिरात उशिरा २० जानेवारीपर्यंत पडायला हवं. त्याआधी सोलिंग आणि मुरूम दाबायला ७-८ दिवस.
👉 डिसेंबरचा पहिला पंधरवडा: जागा साफ करणे, सोलिंग, मुरूम. नोव्हेंबरात घाई नको. भाताची जमीन आत ओली असते, नंतर बसते आणि वरचं काँक्रीट तडकतं.
👉 डिसेंबरअखेर ते २० जानेवारी: काँक्रीट.
👉 मजूर आत्ताच सांगून ठेवा. दिवाळीनंतर आपल्याकडचे बरेच मजूर वीटभट्टीवर जातात, ते पावसाळ्याच्या तोंडावर येतात.
👉 विहिरीचं पाणी बघा. फेब्रुवारीत तळ दिसत असेल तर काम आणखी लवकर लावा.

*कामाच्या दिवशी*
1️⃣ दव वाळल्यावर, सकाळी ९ च्या सुमारास सुरू करा. दुपारी २ नंतर नवीन माल ओतू नका.
2️⃣ जाडी ४ इंच. १० फुटांचे चौकोन पाडा, एक सोडून एक भरा. ढाळ १०० फुटाला १ फूट.
3️⃣ ५० किलोच्या गोणीला पाणी ३० लिटरपेक्षा जास्त नको. रेती ओली असेल तर त्याहून कमी. "जरा पातळ करा, पटकन पसरेल" हे ऐकू नका.
4️⃣ वरचं पाणी आपसूक जाऊ द्या, मगच घोटा. कोरडं सिमेंट भुरभुरायचं नाही.
5️⃣ कडेच्या फळ्या एरवी दुसऱ्या दिवशी काढतात. गारठा असेल तर दोन दिवस राहू द्या.
6️⃣ गोण्या फळ्यांवर रचा, भिंतीला टेकवू नका. गोणीवरची तारीख बघा, तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट घेऊ नका.

*पाणी मारणं*
"थंडी आहे, पाणी कशाला?" हीच मोठी चूक. पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस ओल लागते. वारा कोरडा असल्याने आपण १४ धरू. कडेने मातीचे वरंबे घालून पाणी साठवा. पाणी कमी असेल तर पेंढा किंवा गोणपाट अंथरून भिजवा. पेंढा या दिवसांत घरचाच असतो. पेंढ्याचा डाग पडेल, ताकद कमी होणार नाही.

२८ दिवस होईपर्यंत ट्रॅक्टर, टेम्पो वर चढवू नका. माणसांनी चालायला हरकत नाही.

खळं एकदाच बांधायचं असतं, पण भात दरवर्षी त्यावरच पडतो. ठेकेदाराशी बोलताना हा मेसेज दाखवा. शंका असेल तर काँक्रीट घालायच्या आधी कंपनीच्या कार्यालयात या, नंतर नको.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, पनवेल