वाघापलीकडचे पेंच : लँडस्केप छायाचित्रणाची कार्यशाळा

लँडस्केप छायाचित्रणाची छोटी कार्यशाळा म्हणजे पाच-सहा हौशी छायाचित्रकार, एक जाणता मार्गदर्शक, तीन-चार दिवसांचा मुक्काम आणि एकच परिसर. पहाटे अंधारात निघायचे, उजेड बदलत असताना कॅमेरा चालवायचा, दुपारी त्याच सकाळची छायाचित्रे पडद्यावर लावून तपासायची आणि संध्याकाळी शक्यतो पुन्हा त्याच जागी जायचे, असा तिचा क्रम असतो. नागपूर जिल्ह्यात या कामासाठी सर्वांत योग्य जागा म्हणजे पेंच राष्ट्रीय उद्यान. कन्हान गावातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ उत्तरेला धरला, की मनसर, पवनी ओलांडून पन्नासेक किलोमीटरवर सिल्लारीचे प्रवेशद्वार येते. कन्हानचे या जंगलाशी नाते रस्त्यापुरते नाही. राष्ट्रीय उद्यानातून वाहत येणारी पेंच नदी खापरखेड्याजवळ बिना संगमावर कन्हान नदीलाच मिळते, आणि दोघींचा उगम सातपुड्यातला आहे.

डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात जाऊन छायाचित्रण शिकवण्याची पद्धत रुळली ती अमेरिकेतल्या योसेमिटीमध्ये. अँसेल अ‍ॅडम्स यांनी तिथे १९४० मध्ये पहिल्यांदा असा वर्ग घेतला आणि १९५५ पासून १९८१ पर्यंत दरवर्षी कार्यशाळा चालवल्या. फ्रेड आर्चर यांच्यासोबत त्यांनी बसवलेली ‘झोन सिस्टीम’, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची पायऱ्यांमध्ये विभागणी करून एक्स्पोजर ठरवण्याची रीत, अशाच वर्गांतून जगभर पोहोचली. त्यांचा भर आणखी एका गोष्टीवर होता : बटण दाबण्यापूर्वी छपाई झालेले चित्र मनात दिसले पाहिजे. भारतातले डोंगर त्याच्या कितीतरी आधी कॅमेऱ्यात आले होते. सॅम्युएल बोर्न यांनी १८६३ ते १८६६ या काळात हिमालयाच्या तीन मोहिमा केल्या आणि १८ हजार फुटांहून उंच मनीरंग खिंडीत काचेच्या ओल्या प्लेटांवर छायाचित्रे घेतली. त्यासाठी त्यांना हमालांचा मोठा ताफा सोबत न्यावा लागे. आज तेच काम खांद्यावरच्या एका पिशवीत मावते. अवघड राहिले आहे ते पाहणे, आणि कार्यशाळा त्यासाठीच असते.

महाराष्ट्राच्या हद्दीतले पेंच १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे अधिकृत नाव पंडित जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय उद्यान असून क्षेत्र २५७ चौरस किलोमीटर आहे. १९९९ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. नदीच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात, पेंच नावाचेच दुसरे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तोतलाडोहचा जलाशय दोन्ही राज्यांत पसरलेला आहे. इथे बर्फाची शिखरे नाहीत, सह्याद्रीसारखे तुटलेले कडेही नाहीत. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याच्या बुटक्या, गोलसर टेकड्या, त्यांवर साग, ऐन, मोह, तेंदू, पळस आणि बांबूचे पानझडी जंगल, मध्ये धरणाचे पाणी. पोस्टरवर शोभावे असे एकही ठिकाण चटकन सापडत नाही. शिकणाऱ्यासाठी हीच चांगली गोष्ट आहे. जिथे नजारा आयता मिळतो तिथे प्रत्येकाच्या कॅमेऱ्यात तेच चित्र येते. पेंचमध्ये ते शोधून काढावे लागते.

पेंचचे रूप ऋतूगणिक इतके पालटते, की कोणत्या महिन्यात जायचे हे ठरले म्हणजे काय शिकायचे हेही निम्मे ठरते. ऑक्टोबरमध्ये जंगल हिरवेगार आणि दाट असते. त्यात चित्र काढणे सर्वांत कठीण, कारण सगळे काही एकाच रंगात आणि एकमेकांत मिसळलेले. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावर धुके धरते आणि टेकड्यांच्या रांगा एकामागे एक फिकट होत गेलेल्या दिसतात. फेब्रुवारीपासून साग उघडा पडू लागतो, पळस फुलतो, आणि मग जंगलाचा सांगाडा दिसायला लागतो.

याच दिवसांत कांडोळाच्या झाडापुढे थांबावे. गाईड त्याला कुल्लू किंवा भुताचे झाड म्हणतात. पाने गळून गेलेली, खोड पांढुरके, गुळगुळीत, जागोजागी साल कागदासारखी सुटलेली आणि आत गुलाबी-हिरवट झाक. सकाळी उतरत्या कोनातून आलेल्या उजेडात खोडाची एक बाजू जवळजवळ चमकते, दुसरी निळसर सावलीत जाते. मागचे जंगल अजून अंधारात असेल तर कॅमेऱ्याचे स्वयंचलित मोजमाप हमखास फसते : काळोख्या पार्श्वभूमीमुळे ते जास्त उजेड आत घेते आणि खोडावरचा सगळा तपशील पांढरा होऊन जातो. उजेड एक-दीड स्टॉपने कमी करून, हिस्टोग्रामचा उजवा काठ पाहत पुन्हा टिपले, की सालीच्या सुटलेल्या कडा परत दिसू लागतात. एक्स्पोजरवरच्या दोन तासांच्या व्याख्यानात जे समजत नाही ते या एका झाडापुढे दहा मिनिटांत समजते. जवळच ऐन असतो. त्याच्या काळपट, चौकोनी भेगांच्या सालीपुढे हिशेब नेमका उलटा होतो.

उजेडाच्या बाबतीत पेंचची एक मोठी अडचण आहे आणि ती भूगोलाची आहे. हा प्रदेश सुमारे साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या थोडा खाली येतो. इथे सूर्य सरळ वर चढतो. क्षितिजापासून सहा अंश वर यायला त्याला जेमतेम अर्धा तास लागतो. लंडनच्या हिवाळ्यात तेवढ्याच चढाईला याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. परदेशी पुस्तकांत ज्या ‘सोनेरी तासा’चे वर्णन असते तो विदर्भात सोनेरी अर्धा तासच आहे. मेच्या अखेरीस तर दुपारचा सूर्य डोक्यावर येतो आणि झाडांच्या सावल्या बुंध्यापाशी गोळा होतात. त्यात राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार उघडते सूर्योदयाच्या सुमारास. परवाने, ओळखपत्रे तपासून होईपर्यंत पहिला उजेड फाटकापाशीच संपतो.

म्हणून जाणते मार्गदर्शक दिवसाची मांडणीच वेगळी करतात. सगळ्या सकाळी गाभा क्षेत्राला देत नाहीत. एखादी पहाट ते नवेगाव खैरीच्या किंवा खिंडसीच्या जलाशयाकाठी घालवतात, एखादी रामटेकच्या गडावर, जिथून खाली अंबाळा तलाव आणि उत्तरेला डोंगरांच्या रांगा दिसतात. इथे ट्रायपॉड लावता येतो, वाट पाहता येते, उजाडण्यापूर्वीचा निळा प्रकाशही मिळतो. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंदच असते. रामटेकच्या गडावरून, म्हणजे मेघदूताशी परंपरेने जोडलेल्या रामगिरीवरून, आषाढातले ढग टिपणे हा त्या दिवसांतला उत्तम अभ्यास आहे, आणि त्याला जंगलाचा परवाना लागत नाही.

गाभा क्षेत्रात सगळे काम जिप्सीतून करावे लागते. खाली उतरायला मनाई, ड्रोनला मनाई, गाईड बंधनकारक. उभ्या जिप्सीत ट्रायपॉड निरुपयोगी ठरतो, कारण शेजारचा माणूस हलला तरी चित्र हलते. त्याऐवजी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात तांदूळ किंवा मूग भरतात, ती गाडीच्या आडव्या दांड्यावर ठेवतात आणि तिच्यावर लेन्स टेकवतात. चालकाने इंजिन बंद केले की बाकी कशाची गरज उरत नाही. वाइड लेन्सचाही इथे फारसा उपयोग नाही, तिच्यात रस्ता, बॉनेट आणि पुढच्या गाडीची धूळ येते. ७० ते २०० मिलिमीटरची झूम लेन्स दूरच्या टेकड्या जवळ ओढते, गर्दीतून दोन-तीन खोडे वेगळी काढते. पोलरायझर फिल्टर पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी काढून टाकतो. छायाचित्र रॉ स्वरूपात घेतले, तर सावल्यांतला तपशील नंतर उजळवता येतो. याहून अधिक सामानाची इथे गरज नाही.

गटाचा आकार ठरतो तोही जिप्सीवरूनच. तिच्यात सहा पर्यटक बसतात, पण दोन्ही बाजूंना मोकळेपणाने लेन्स फिरवायची तर तिघेच हवेत. सहा जणांचा गट दोन गाड्यांत बसतो आणि मार्गदर्शक सकाळी एका गाडीत, दुपारी दुसऱ्या गाडीत जातो. गट बारा-पंधरांचा झाला, की मार्गदर्शकाची भेट जेवणाच्या टेबलावरच होते. अशा सहलीला कार्यशाळा म्हणू नये.

सर्वांत मोठा अडथळा मात्र वाघ आहे. जंगलात सांबराची किंवा माकडाची धोक्याची हाक ऐकू आली, की सगळ्या गाड्या तिकडे वळतात. धुक्यातून येणारे किरण, पाणवठ्यातले प्रतिबिंब, सगळे मागे पडते. वाघ पाहण्याची इच्छा स्वाभाविक आहे. पण ज्याला लँडस्केप शिकायचे आहे त्याच्या गाडीला हाक आल्यावरही जागेवर उभे राहता आले पाहिजे, आणि हे गाईड-चालकाशी आदल्या रात्रीच बोलून ठरवावे लागते. गाईड बहुधा आसपासच्याच गावांतले तरुण असतात. कोणत्या वळणावर किती वाजता ऊन पोहोचते, कोणत्या नाल्यात धुके उशिरापर्यंत टिकते, हे त्यांना ठाऊक असते. त्यांना हे कोणी विचारत नाही, कारण सगळे वाघाबद्दलच विचारतात.

रात्रीच्या छायाचित्रणासाठी पेंचला अलीकडे वेगळे महत्त्व आले आहे. जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता दिली. भारतातले हे पहिले आणि आशियातले पाचवे. त्यासाठी वाघोली-सिल्लारी परिसरातील गावांमध्ये शंभराहून अधिक दिवे बदलून उजेड जमिनीकडे पडेल असे बसवण्यात आले. आकाशगंगेचा मध्यभाग इथून दक्षिणेला, क्षितिजापासून जास्तीत जास्त चाळीस अंशांवर येतो. एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर, चंद्र नसताना तो उत्तम दिसतो. पुढे पावसाळी ढग आकाश झाकतात. २० मिलिमीटरची लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२०० आणि वीस ते पंचवीस सेकंदांचे एक्स्पोजर इथून सुरुवात करावी; त्याहून जास्त वेळ शटर उघडे ठेवले तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे लांबट होतात.

मात्र नागपूर, कामठी, कोराडी, कन्हान हा उजळ पट्टाही पेंचच्या दक्षिणेलाच आहे. ज्या दिशेला आकाशगंगेचा मध्यभाग दिसतो त्याच दिशेला शहराचा उजेड असतो. कन्हानच्या रस्त्यावरचा झाकण नसलेला दिवा आणि पेंचच्या आकाशातला तारा एकाच फ्रेमचे भाग आहेत.

हे लक्षात घेतले तर लँडस्केप म्हणजे माणूस वगळून उरलेला निसर्ग, ही समजूत टिकत नाही. तोतलाडोहचे धरण माणसाने बांधलेले आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर काठाने उघडी पडणारी, बुडालेल्या झाडांची काळी खुंटे हे पेंचमधले सर्वांत जास्त टिपले जाणारे दृश्य असेल. ते त्या धरणाचेच आहे. या पाण्यावर नागपूरची तहान भागते, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रे चालतात. जंगल कापत जाणाऱ्या महामार्गाखाली महाराष्ट्रात वन्यप्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग ठेवले आहेत आणि त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. चांगल्या कार्यशाळेने शेवटचा अर्धा दिवस नदीच्या खालच्या अंगाला द्यावा : बिना संगम, कन्हानचा जुना दगडी पूल, नदीकाठची वाळू, दूरवरच्या चिमण्या, कोळसा खाणींचे मातीचे ढीग. उजेड, थर, छटा, रिकामी जागा हे सगळे नियम इथेही तेच लागू होतात, आणि नदीची गोष्ट पुरी होते.

कार्यशाळेचे खरे मोल दुपारच्या बैठकीत कळते. प्रत्येकाने सकाळची पाचच छायाचित्रे निवडून आणायची. शेकडोंतून पाच निवडणे हाच पहिला धडा असतो. समजा, पडद्यावर कांडोळाचे चित्र आहे : झाड बरोबर मध्यभागी, वरच्या कोपऱ्यात आकाशाचा पांढरा तुकडा, डावीकडे बांबूची अर्धी जाळी. मार्गदर्शक पडद्यावर हात धरून एकेक काठ झाकतो. आकाश झाकले की नजर खोडावर येते. बांबू झाकला की खोडाचा बाक दिसतो. चित्रात काय घ्यायचे यापेक्षा काय सोडायचे, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठरते. दुसऱ्या दिवशी त्याच झाडापाशी तीच व्यक्ती गाडी दोन हात मागे घ्यायला सांगते. ही सुधारणा यूट्यूबवरून होत नाही, कारण तिथे आपले चित्र पाहणारे कोणी नसते.

नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना दोन प्रश्न विचारावेत : एका जिप्सीत किती जण असतील, आणि छायाचित्रांवर चर्चेसाठी रोज किती वेळ ठेवला आहे? पहिल्याचे उत्तर तीनपेक्षा जास्त आणि दुसऱ्याचे दोन तासांपेक्षा कमी असेल, तर ती जंगल सफारी आहे असे समजावे आणि तेवढेच पैसे द्यावेत.