एकदिशकारक परिपथातील विद्युतदाबाची गणना

डायोड एकदिशकारक, अर्थात रेक्टिफायर, हा प्रत्यावर्ती विद्युतधारेचे दिष्ट धारेत रूपांतर करणारा परिपथ होय. त्यातून मिळणाऱ्या दाबाची गणना करताना हाती असलेला आकडा कोणत्या मूल्याचा आहे, हे प्रथम पाहावे लागते. रोहित्रावर छापलेले '१२ व्होल्ट' हे वर्गमाध्यमूळ मूल्य असते. त्याचे शिखरमूल्य √२ पट, म्हणजे सुमारे १७ व्होल्ट भरते. विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका येथेच होतात.

एककला परिपथ

अर्धतरंग परिपथात शिखरमूल्याला π ने भागले असता सरासरी दाब मिळतो : ५.४ व्होल्ट. चार डायोडांच्या सेतूत तो दुप्पट, १०.८ व्होल्ट होतो. मात्र सेतूत एका वेळी दोन सिलिकॉन डायोड वाहक असतात व प्रत्येकावर सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून शिखरमूल्य १५.६ आणि सरासरी सुमारे ९.४ व्होल्ट उरते.

धारित्र जोडताच हे गणित बदलते, कारण धारित्र सरासरीपर्यंत नव्हे, तर शिखरापर्यंत भारित होते. भार नसताना दाब १५.६ व्होल्ट राहतो. भार जोडल्यावर त्यातील चढउतार = धारा ÷ (२ × वारंवारता × धारिता). ५० हर्ट्झ, २,२०० मायक्रोफॅरड आणि अर्धा अँपिअर घेतल्यास तो सुमारे २.३ व्होल्ट येतो. सरासरी दाब १४.४ व्होल्ट.

'१२ व्होल्टांसाठी १६ व्होल्टांचे धारित्र पुरे' हा समज धोक्याचा आहे. घरातील दाब दहा टक्के वाढला तरी धारित्रावर १७ व्होल्टांहून अधिक दाब येतो आणि ते फुटू शकते. येथे २५ व्होल्टांचेच धारित्र वापरावे.

त्रिकला सेतू आणि मुंबईची लोकल

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही भारतातील पहिली विजेवरची गाडी १,५०० व्होल्ट दिष्ट दाबावर धावली. १९९२ मध्ये वाशीला पोहोचलेल्या हार्बर मार्गावरही २०१६ पर्यंत हाच दाब होता. सहा डायोडांच्या त्रिकला सेतूत सरासरी दाब तारांमधील वर्गमाध्यमूळ दाबाच्या १.३५ पट असतो. त्यामुळे १,५०० व्होल्टांसाठी रोहित्राकडून सुमारे १,१११ व्होल्ट हवेत. गाड्यांचा भार वाढला की दाब घटतो, म्हणून प्रत्यक्षात काहीसा अधिक दाब घेतात. येथे धारित्राविनाही चढउतार अल्प असतो.

आता तारेत २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती दाब असून रूपांतर गाडीतच होते. पण तेथील परिवर्तक नियंत्रित असल्याने त्यांना वरील सूत्रे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.