दिवे लागतात, मग सेल्फ का फिरत नाही?

नोंदणीला 50 वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली मोटार 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' ठरते. मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या फियाट 1100 डिलाइट गाड्या आता या वयाच्या झाल्या आहेत. लिंबागणेशसारख्या गावी अशी गाडी अडली, की हमखास ऐकू येते : "दिवे झकास लागतात, म्हणजे बॅटरी ठीक. सेल्फच जळला!" हा तर्क आपण ओहमच्या नियमावर घासून पाहू.

हेडलाइटच्या दोन दिव्यांना साधारण 8 अँपिअर धारा लागते. इंजिन फिरवताना स्टार्टर मोटर, म्हणजेच सेल्फ, 150 अँपिअरच्या आसपास धारा ओढतो. समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या क्षारामुळे 0.02 ओहम रोध वाढला. दिव्यांच्या वाटेत 8 × 0.02 = 0.16 व्होल्ट वाया जातील. डोळ्यांना कळणारही नाही. सेल्फने मात्र 150 अँपिअर ओढू म्हटले, तर 3 व्होल्ट तिथेच खर्ची पडतील. 12 व्होल्टच्या गाडीत हा मोठाच तोटा. मोटर पुरेशी धारा घेऊ शकत नाही आणि तिचा जोर जातो.

म्हणून दिवे लावून सेल्फ मारावा व निरीक्षण करावे :

1. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरली आहे, टर्मिनल खराब आहे किंवा मोटर अडकली आहे.

2. दिवे तसेच राहिले व सेल्फ गप्प, तर धारा मोटरमधून वाहतच नाही. स्विच, मोटरची केबल, इंजिनचे अर्थिंग, मोटरमधील ब्रश तपासावेत.

3. मोटर घरघरते, पण इंजिन फिरत नाही, तर दोष दातेरी चाके न जुळण्याचा आहे.

टर्मिनलची खात्री व्होल्टमीटरने होते. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरे तिच्यावरच्या क्लॅम्पवर धरून सेल्फ मारावा. अर्धा व्होल्ट दिसला, तरी सांधा घासून साफ करावा. त्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला हवा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ काडी वा ठिणगी नको. अर्थिंगची तार आधी सोडावी, जोडताना शेवटी जोडावी.

वर्गात हेच दाखवण्यासाठी तीन सेल, टॉर्चचा छोटा बल्ब, खेळण्यातली मोटर आणि 10 ओहमचा रोधक पुरे. रोधक मध्ये घालून आधी बल्ब, मग मोटर लावावी. मोटरचे पाते बोटाने हलकेच अडवावे आणि रोधकावरील व्होल्ट मोजावेत. रोध तोच, पण धारा वाढली की तोटा वाढतो, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या मापनातून दिसेल. नवा सेल्फ आणण्यापूर्वी पॉलिश पेपर हाती घ्यावा, हेही त्यांना पटेल.