ताकातले जंतू पोटात काय करतात?

जंतू म्हटले की आपण हात धुवायला पळतो. पण सगळेच जंतू वाईट नसतात. दह्याच्या गाडग्यात कोट्यवधी जंतू असतात आणि ते आपण आवडीने खातो.

दही कसे लागते ते घरी नीट बघा. आमची आज्जी दूध तापवून कोमट होऊ देती. बोट घालून बघती, मग चमचाभर विरजण टाकती. विरजण म्हणजे जंतूंचे बीच. ते दुधातली साखर खातात आणि आंबट आम्ल तयार करतात. त्यामुळे दूध घट्ट होते. दूध फार गरम असले तर जंतू मरतात. थंडीत ते सुस्त होतात, म्हणून आज्जी भांडे चुलीजवळ ठेवती. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र सकाळचे दही दुपारी आंबट ढाण होते! दह्यातला एक जंतू १९०५ साली बल्गेरिया देशाच्या स्टामेन ग्रिगोरोव या तरुणाने शोधून काढला.

आता पोटाचे सांगते. आतड्याला आतून बुळबुळीत थर असतो. शेंबडासारखा असतो, हसू नका. ते आतड्याचे कुंपण आहे. कुंपण मोडले की वाईट जंतू आतड्याला भिडतात. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी लढायला येतात. लढाई लांबली की आतडे लाल होते, सुजते, दुखते, शौचातून रक्तसुद्धा जाते. चांगले जंतू तिथली जागा आधीच धरून बसतात, वाईटांना जागा देत नाहीत. काही जंतू कुंपण जाड करायला मदत करतात, काही पांढऱ्या पेशींना शांत करतात, असे शास्त्रज्ञांना दिसले आहे.

आमच्या नानांना ही सूज दोन वर्षांपासून आहे. दुखणे उठले की ते रानात जात नाहीत, भिंतीला टेकून बसतात. आज्जी म्हणाली, "गोळ्या सोड, नुसतं ताक पी." वडील म्हणाले, "गोळ्या सोडायच्या न्हाईत." घरात लई वाद झाला. म्हणून मी गुरुजींना विचारले. त्यांनी शोधून सांगितले. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी अशा १४७ रोग्यांवर प्रयोग केला, तो २००९ साली छापून आला. काहींना आठ प्रकारच्या चांगल्या जंतूंची पूड दिली, काहींना तशीच दिसणारी खोटी पूड. बारा आठवड्यांनी जंतूंची पूड घेणाऱ्यांत शंभरात सुमारे ४३ जणांचा आजार शांत झाला. खोट्या पुडीवाल्यांत १६ जणांचाच.

म्हणजे फायदा झाला, पण निम्म्याहून जास्त लोकांचा आजार शांत झाला नाही. शिवाय ती पूड मोजून केलेली होती. आपल्या दह्यात कोणते जंतू किती, हे घरोघरी वेगळे. त्यातले पुष्कळ तर जठरातल्या आम्लात मरतात. मी हे सगळे घरी वाचून दाखवले. आज्जी जरा गप्प बसली, मग म्हणाली, "बरं, गोळ्या पण घे आन् ताक पण घे." नानांच्या डॉक्टरांचीही ताकाला हरकत नाही. नाना आता दोन्ही घेतात.

आपल्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंना भाकरीतला कोंडा आवडतो. त्यापासून ते आतड्याच्या पेशींचे अन्न तयार करतात. मंगळवेढ्याची ज्वारी त्यांनाही आवडत असणार.

आंबील गार झाल्यावर वरून ताक घातले तर त्यातले जंतू जिवंत राहतात. कढी उकळते, म्हणून तिच्यातले मरतात. तरी मला कढीच जास्त आवडते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी